खुब्यातला 'टक्'

इटलीतल्या फेरारा शहरातली गोष्ट अशी सांगतात, की एक आई डॉक्टरांना म्हणाली, बाळाला धुताना मांड्या फाकवल्या की 'टक्' होतं. डॉक्टर होते मारिनो ओर्तोलानी. त्यांनी बाईला वेड्यात काढलं नाही, स्वतः पाय फाकवून पाहिले. खुब्याच्या वाटीबाहेर निसटलेला मांडीच्या हाडाचा गोळा परत आत बसत होता, तोच तो 'टक्'. १९३७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९६२मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या टॉमस बार्लोंनी याची उलट बाजू मांडली: आत असलेला पण सैल गोळा ढकलल्यावर बाहेर सरकतो का, ते पाहायचं.

पण रडून पाय आखडलेल्या बाळाचा खुबा हाताला दाद देत नाही. वाटी नुसती उथळ असेल तर 'टक्'ही होत नाही. एक्स-रे काढावा, तर गोळा अजून कूर्चेचा. त्यात हाड दिसायला साधारण ४ ते ६ महिने लागतात. आणि गोळा वाटीत बसावा म्हणून बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून ठेवणारे आर्नोल्ड पाव्लिक या चेक डॉक्टरांचे पट्टे सर्वांत गुणकारी ठरतात ते त्याआधीच्याच महिन्यांत.

(पायाळू मुलावर वीज पडते म्हणतात. विजेचं राहू द्या, पायाळू मुलीचा खुबा मात्र न चुकता तपासावा. त्यातही डावा जास्त वेळा निसटतो.)

हाताला कळत नाही, एक्स-रेत वेळेवर दिसत नाही, ही कोंडी फोडली ऑस्ट्रियातल्या श्टोल्झआल्पं इथल्या राइनहार्ड ग्राफ यांनी. ध्वनिलहरी कूर्चेतून पार जातात, म्हणून त्यांनी सोनोग्राफी वापरली. १९८०मध्ये पहिला लेख आला. वाटीच्या हाडाचं छत किती उतरतं ते अल्फा कोनात मोजायचं: ६० अंश किंवा जास्त असेल तर खुबा पक्का, ४३च्या खाली गेला तर गोळा बाहेरच्या वाटेवर. छापलेल्या चित्रावर रेघा ओढून कोन काढायचा. १९९२पासून ऑस्ट्रियात प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होऊ लागली.

ग्यानबाची मेख होती ती बाळाच्या अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या प्रोबच्या कलात. तो जरा तिरका धरला, की निरोगी खुबाही आजारी दिसतो. एकाच बाळाचा कोन दोघांनी मोजला तर काही अंशांचा फरक पडायचा, आणि सीमेवरच्या बाळाला तेवढ्यावरून पट्टे लागायचे किंवा सुटायचे.

कॉम्प्युटर आधी नुसत्या रेघा ओढायला आला. पुढे कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात त्रिमित सोनोग्राफीवर काम झालं. प्रोब एकदा टेकवला की काही सेकंदांत एकामागून एक काप घेतले जातात आणि अख्ख्या वाटीचा आकार उभा राहतो. आता न्यूरल नेटवर्क हाडाची कड शोधतं, कोन मोजतं, आणि हव्या त्या खुणा दिसत नसतील तर चित्रच नापास करतं. कोन मोजणं काय, कोनमापकही करतो; मला मोल वाटतं ते या नापास करण्याचं.

बाळ मात्र तेच आहे. खोबणीच्या गादीवर कुशीवर निजवलेलं, खांद्यावर आईचा हात. जेल गार लागतं, ते लाथ झाडतं, चित्र हलतं, आणि प्रोब पुन्हा पहिल्यापासून टेकवावा लागतो.