लांब लहरीची शाळा

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकत दरेकसाला येते आणि पुढे डोंगरात शिरते. हाजरा फॉल इथलाच, कचारगडच्या गुहा इथून जवळच, आणि पलीकडे छत्तीसगड. पर्यटक डोंगर पाहून हरखतो. बिनतारी लहरींचं मात्र तसं नाही. काही लहरी या डोंगरापुढे हात टेकतात, काही त्याला जुमानत नाहीत.

दूरशिक्षणाचा इतिहास सहसा जिन्यासारखा सांगतात: आधी टपाल, मग रेडिओ, मग टीव्ही, उपग्रह, शेवटी इंटरनेट. दरेकसाहून पाहिलं तर या पायऱ्या मला पार उलटसुलट दिसतात.

टपालाचं काम सोपं होतं. १८४० साली इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झालं आणि आयझॅक पिटमन पत्रानं लघुलेखन शिकवू लागला. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले पहिले कुलगुरू. दहावी-बारावी हुकलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीकडे जाता येऊ लागलं. नाशिक रोड आणि दरेकसा ही दोन्ही स्टेशनं एकाच मुंबई-हावडा मार्गावर आहेत. मध्ये अंतर सुमारे आठशे किलोमीटर.

उपग्रहाची गोष्ट मात्र चटका लावते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्हीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचवले गेले. ‘साइट’ नावाचा हा प्रयोग. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून तीन मीटरची तबकडी बनवायची आणि ती आकाशाकडे रोखायची. सुमारे ३६,००० किलोमीटर वरून धडा खाली येई. रायपूरच्या परिसरातली गावं या प्रयोगात होती, महाराष्ट्र नव्हता. उपग्रहाला राज्याची सीमा कुठली कळायला? त्याच्या लहरी दरेकसावरही पडतच होत्या. तबकडी नव्हती, एवढंच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जो तो ऑनलाइन वर्गाच्या मागे लागला. पण मोबाइलची लहर जेमतेम वीत-दीड वीत लांब. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये टेकडी आली की पलीकडे तिची सावलीच. त्याच काळात ‘प्रथम’ ही संस्था, नागपूरचं विभागीय आयुक्त कार्यालय आणि आकाशवाणी यांनी मिळून रेडिओवर ‘शाळेबाहेरची शाळा’ भरवली. नागपूर विभागातले सहाही जिल्हे म्हणजे तिचा वर्ग; त्यात गोंदियाही आला.

आता गंमत पाहा. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची मध्यमलहर ५८५ किलोहर्ट्झची. म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत ही लहर ५१२ मीटर लांब, अर्ध्या किलोमीटरहून जास्त! एवढ्या लांब लहरीला टेकडी म्हणजे किरकोळ अडथळा. ती टेकडीवरून वाकून पलीकडे उतरते आणि जमिनीला बिलगून पुढे जाते. नागपूर ते दरेकसा सरळ अंतर साधारण दीडशे किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे, मधली जमीन सपाट धरली तरी, दरेकसाहून दिसायला नागपूरचा मनोरा जवळजवळ पावणेदोन किलोमीटर उंच लागला असता. लहरीला त्याची गरजच नाही. शिवाय हे अंतर ती अर्ध्या मिलिसेकंदात कापते. उपग्रहाचा धडा वर जाऊन खाली यायला पाव सेकंद घेतो. ऐकायला लागतो साधा, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर.

अर्थात रेडिओ प्रश्न ऐकत नाही, वही तपासत नाही. आणि इकडे गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, मराठी अशा भाषा एकमेकींत मिसळतात. मराठीतला धडा घरात शिरला तरी मुलाच्या कानाला तो किती ओळखीचा वाटेल, हे लहरीच्या लांबीवर ठरत नाही.

शाळेची वेळही या लहरीला पाहूनच ठरवावी लागते. दिवसा वातावरणाचा साठ-नव्वद किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर आकाशाकडे गेलेली मध्यमलहर गिळून टाकतो. उरते ती जमिनीवरून सरकणारी. सूर्य मावळला की हा थर विरतो, त्याहून वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर दूर जाऊन उतरतात. म्हणजे शाळा रात्री भरवली असती, तर नागपूरचा धडा परराज्यात कुणाच्या तरी रेडिओत घुसला असता, आणि दरेकसाच्या पोरांच्या पाढ्यांत भलत्याच केंद्राची गाणी मिसळली असती.