खुराडे एक, ऋतू तीन

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याने निघाले की वाटेत झरी लागते. काळ्या मातीचा हा मुलूख. रानात कापूस, तूर, सोयाबीन; दारात एखादी शेळी आणि चार-दहा कोंबड्या. कोंबडी दिसायला लहान, पण घरच्या बाईची ती पैशाची पेटीच आहे. अंडी विकून मीठ-मिरची येते. अडीनडीला कोंबडा विकून औषध येते. पण ही पेटी ठेवायची कशी, याचा विचार आपण फारसा करत नाही.

मागे एकदा मे महिन्यात आम्ही या भागात एका घरी गेलो होतो. घरच्या मावशी खिन्न होऊन बसल्या होत्या. मुंगसाच्या भीतीने त्यांनी चारी बाजूंनी पत्रे ठोकून नवे खुराडे केले होते. सकाळी बारा कोंबड्या आत कोंडून त्या लग्नाला गेल्या. संध्याकाळी येऊन दार उघडले, तो सात मरून पडलेल्या! साप नाही, रोग नाही, अंगावर जखमही नाही. मावशी म्हणाल्या, "मुंगसापासून राखल्या, पण पत्र्यानंच खाल्ल्या. लेकीची शाळेची पुस्तकं घ्यायची होती हो त्या पैशांतून."

मावशी आळशी नव्हत्या. खुराडे कशाकशासाठी असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच. तेच आज आपण पाहू.

झाड हे पहिले घर

आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे रानकोंबडा. तो आजही आपल्या देशातल्या जंगलांत आहे. दिवसा तो जमिनीवर चरतो आणि रात्री झाडाच्या फांदीवर बसून झोपतो. झाड त्याला चार गोष्टी देते : डोक्यावर सावली, अंगाला वारा, पायाखाली कोरडे आणि शिकाऱ्यापासून राखण. या चार गोष्टी खुराड्यानेही दिल्या पाहिजेत. मावशींच्या खुराड्यात मुंगूस शिरत नव्हते, हे खरे. पण वाराही शिरत नव्हता!

बांधणी

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड भिंतींवरच पडते. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजूंना बारीक, मजबूत जाळी लावा. दहा कोंबड्यांना रात्रीपुरते ५ फूट लांब व ३ फूट रुंद खुराडे पुरते.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा. आपली काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते. म्हणून मेढी रोवताना खाली मुरूम आणि दगड ठासून भरा. छप्पर भिंतींच्या बाहेर दीड फूट तरी आलेले असावे. फळ्यांच्या तळावर चार बोटे जाड लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले पसरा. आत आडव्या काठ्या बांधा. एका कोंबडीला वीतभर काठी धरा. ही काठी म्हणजेच तिची फांदी.

उन्हाळा : वारा द्या

आपल्याकडे मे महिन्यात ऊन ४२ अंशांच्या पुढे जाते. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असते. आपल्याला घाम येतो आणि अंग निवते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. तेवढाच तिचा उपाय. वारा बंद झाला की तोही चालत नाही.

म्हणून दुपारी तिला कोंडू नका, झाडाच्या सावलीत मोकळी ठेवा. बाहेर जायचे असेल, तर जाळीचे खुराडे सावलीत असू द्या. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा अंथरून बांधा. पत्र्याला वरून चुना लावला तरी तो कमी तापतो. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा बदला. दाणे टाकायचे ते ऊन चढण्याआधी आणि दिवस कलल्यावर.

पावसाळा : कोरडे ठेवा

पावसाळ्याचा शत्रू म्हणजे ओल. भुसा ओला झाला की विष्ठा कुजते, रोगाचे जंतू वाढतात. पिलांना रक्ताची हगवण लागते.

ओल ओळखायची कशी? मूठभर भुसा दाबून पाहा. त्याचा लाडू वळला, तर तो ओला समजा. दुसरी खूण अशी : सकाळी खुराड्यापाशी उकिडवे बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. आपल्या डोळ्यांना झोंबले, तर रात्रभर तिच्या डोळ्यांना किती झोंबले असेल! ओला भुसा काढून खतात टाका, कोरडा घाला. त्यासाठी दोन पोती कोरडा भुसा उन्हाळ्यातच भरून ठेवा. पावसाच्या बाजूला ताडपत्री सोडा, पण वर वीतभर फट राहू द्या. पाऊस थांबला की ती गुंडाळून ठेवा.

हिवाळा : झोत अडवा, हवा नको

पुस-माघात रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. मोठ्या कोंबडीला पिसांची गोधडी असते. तिला थंड हवेपेक्षा वाऱ्याचा झोत बाधतो. रात्री उत्तरेच्या जाळीला पोते लावा, वर फट ठेवा. खुराड्यात शेगडी मात्र कधीही ठेवू नका. कोंडलेला धूर जीव घेतो.

पिलांना ऊब लागते. रात्री ती कोंबडीपाशीच राहू द्या. कोंबडी नसेल, तर जरा उंचावर दिवा लावा आणि पिलांकडे पाहा. दिव्याखाली दाटी केली, तर त्यांना थंडी वाजते. लांब पळाली, तर उकडते. सगळीकडे पसरून खेळली, तर ऊब बरोबर आहे. शेळीच्या करडांनाही हाच न्याय : खाली कोरडा पालापाचोळा आणि वाऱ्याला आडोसा.

आणखी एक सांगणे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी तालुक्यात मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. रानपाखरांच्या विष्ठेतून हा रोग येऊ शकतो. म्हणून दाणापाणी छपराखाली ठेवा. कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, खाऊ नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. लगेच गुरांच्या दवाखान्यात कळवा. मानमोडीची लसही तिथेच विचारून वेळेवर टोचून घ्या. चांगले घर असले तरी लस चुकवू नये.

मावशींनी पुढे दोन बाजूंचे पत्रे काढले आणि जाळी लावली. खुराडे कडुनिंबाखाली नेले. आपल्यात म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आम्ही त्याला एवढेच जोडतो : कोंबडं नुसतं झाकलं म्हणून ते वाचतही नाही! त्याला सावली हवी, वारा हवा, पायाखाली कोरडे हवे. आज दिवस मावळायच्या आत आपले खुराडे एकदा वाकून पाहा.