माफी मागणे आणि माफी देणे

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग (१९१२–१९५४) यांच्या जीवनावरील एक अनुबोधपट २०११ साली ब्रिटनमधील ‘चॅनेल फोर’ या वाहिनीवरून दाखविला गेला. पुढे तो ‘कोडब्रेकर’ या नावाने अमेरिकेतही पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे ‘एनिग्मा’ या जर्मन यंत्राच्या गुप्त संदेशांची उकल करण्यात ट्युरिंग यांचा वाटा फार मोठा होता. या यंत्रात कोणतेही अक्षर गुप्तरूपात तेच अक्षर म्हणून उतरत नसे. हवामानाच्या संदेशांतून तर ठराविक शब्द वारंवार येत. असा एखादा शब्द तर्काने धरून तो संदेशाखाली सरकवीत न्यावयाचा व जेथे एक जरी अक्षर जुळले ती जागा वर्ज्य करावयाची, अशी ही रीत होती. भाषेच्या साचेबंदपणाचा याहून परिणामकारक उपयोग क्वचितच झाला असेल.

१९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल न्यायालयाने ट्युरिंग यांना दोषी ठरविले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना वर्षभर स्त्री-संप्रेरके घेणे पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा अंत झाला.

अनुबोधपटाचा गाभा म्हणजे ट्युरिंग आणि त्यांचे मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ ग्रीनबॉम यांची संभाषणे होत. ती नटांनी वठविलेली, अर्थात रचलेली आहेत; त्यांच्याच शेजारी ग्रीनबॉम यांच्या मुलींच्या खऱ्या आठवणी येतात. सिद्ध आणि कल्पित यांची ही सरमिसळ अभ्यासकाला खटकते. परंतु सुनावणीच्या कागदपत्रांतून न दिसणारा माणूस तीमुळेच दिसतो, हेही मान्य केले पाहिजे.

या अनुबोधपटाचे स्वागत त्या काळातील एका मागणीपासून वेगळे काढता येत नाही. २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ट्युरिंग यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली होती. शिक्षा माफ करावी ही मागणी मात्र शासनाने २०१२ मध्ये नाकारली. दोषनिर्णय त्या वेळच्या कायद्यास धरूनच होता, असे कारण दिले गेले. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये राणीने माफी दिली. मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. क्रियापद बदलताच अपराधी बदलतो. पहिल्या प्रसंगी राज्य अपराधी आहे, दुसऱ्या प्रसंगी ट्युरिंग. ज्याने अपराधच केला नाही त्याला माफी कसली, आणि तीही हजारोंपैकी एकट्यालाच का, हे तेव्हा घेतले गेलेले आक्षेप म्हणूनच निव्वळ शब्दच्छल नव्हते.

२०१७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील अशा मृत व्यक्तींना सरसकट माफी मिळाली. हयात असलेल्यांना मात्र त्यासाठी अर्ज करणे भाग होते.