दंशाची वेळ : छोट्या दवाखान्यात संशोधन कसं रुजतं

पालीसारख्या गावात 'संशोधन' हा शब्द उच्चारला की दवाखान्यातल्या लोकांच्या मनात काय येतं, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. सकाळची ओपीडीची रांग, महिनाअखेरचे अहवाल, पोर्टलवर भरायची माहिती, रिकामी पदं, आणि त्यात आता हे आणखी एक? ही शंका अगदी रास्त आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

आज समोर डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, लॅबमधले आणि औषध विभागातले लोक आहेत, आशाताई आहेत. ऑनलाइन ऐकणारी मंडळीही आहेत. तुमच्यापैकी माहिती गोळा न करणारा एकही माणूस इथे नसेल. किती गरोदर माता नोंदवल्या, किती बाळांना लस दिली, तापाचे किती रुग्ण आले, किती रक्तनमुने घेतले, हे सगळं तुम्ही रोज लिहिता. पण हे प्रश्न तुमचे नाहीत. ते जिल्ह्याने, राज्याने, दिल्लीने विचारलेले आहेत. माहिती इथून वर जाते आणि बहुतेक वेळा परत खाली येत नाही. संशोधनाची क्षमता म्हणजे काय, तर स्वतःला पडलेला प्रश्न नीट मांडता येणं आणि त्याचं उत्तर निघेल अशी नोंद ठेवता येणं. बाकीचं, म्हणजे संख्याशास्त्र, इंग्रजीत पेपर लिहिणं, संदर्भ शोधणं, हे शिकता येतं किंवा कोणाची तरी मदत घेता येते. प्रश्न मात्र उसना आणता येत नाही.

याचं उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. इथून याच मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला गेलं की महाड लागतं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरला एमबीबीएस झालेला तरुण. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. तसं पाहिलं तर हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी कोकणातल्या विंचूदंशाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. तरी पुढची पंधरा वर्षं प्रश्न तिथल्या तिथेच राहिला. विंचू चावला म्हणजे कळ येणार, कळ थांबवा, एवढीच समज होती.

बावस्करांनी काय केलं, तर ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्र-रात्र बसले आणि दिसेल ते वेळेसकट लिहीत गेले. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कधी चढला आणि कधी उतरला, धाप कधी लागली, तोंडाला फेस कधी आला. अशा नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर क्रम दिसू लागला. ज्याला आधी उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो आणि हातपाय थंड पडतात, त्याच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर पुढे संकट येण्याची शक्यता मोठी. पुरुषांमध्ये आणि मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येणं हेही असंच एक आगाऊ लक्षण. सिस्टर, आशाताई, संकोच न करता हे बघायला हवं, म्हणून मुद्दाम सांगतोय. ही निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्यात एकही लक्षण असं नाही की ज्याला महागडं यंत्र लागतं. डोळे, हात आणि घड्याळ पुरतं.

क्रम कळला तसा उपचाराचा विचार बदलला. विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. तिचा विंचूदंशातला उपयोग बावस्करांनी १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच मांडला. त्याआधी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत असत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण अगदी थोड्यावर आलं. आज कोकणातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात विंचूदंशाचा रुग्ण आला की हात त्या गोळीकडे जातो, त्याचं मूळ बिरवाडीच्या त्या नोंदींत आहे.

पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण ती फार कमी सांगितली जाते. प्राझोसिनवर नाव झालं म्हणून बावस्कर तिथे थांबले नाहीत. विंचवावरची प्रतिविष लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी स्वतःच्याच उपचाराला प्रश्न विचारला : नुसतं प्राझोसिन बरं, की प्राझोसिनबरोबर प्रतिविष बरं? महाडमध्ये ७० रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे, कोणत्या गटात कोण जाणार हे आधी न ठरवता, ३५-३५चे दोन गट केले. दहा तासांनंतर पाहिलं तर दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं पूर्ण गेली होती. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी फक्त ८ जणांची गेली होती. २०११ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. सत्तर रुग्ण! हजारो नव्हेत. प्रश्न टोकदार असला की आकडा मोठा लागतोच असं नाही.

आता कोणी म्हणेल, बावस्कर हे बावस्कर आहेत, सगळ्यांना ते जमणार आहे का? आम्हाला हे म्हणणं पटतं, आणि खरं सांगायचं तर अडचण नेमकी इथेच आहे. एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर बदलून जातं. वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झाली की वही कपाटात जाते. म्हणून क्षमता माणसात नाही, दवाखान्यात रुजायला हवी. विंचूदंशाचंच उदाहरण घेऊन पाहू.

समजा, आपल्याला असं वाटतं की आपल्याकडचे रुग्ण प्राझोसिनपर्यंत उशिरा पोचतात. कोण उशिरा पोचतं? वाडीवरून रात्री गाडी मिळत नाही म्हणून, की आधी मंत्र उतरवायला गेल्यामुळे, की जवळच्या उपकेंद्रात गोळी नव्हती म्हणून? हे शोधायला पहिल्यांदा एक वेळ लागते : विंचू कधी चावला. बहुतेक रजिस्टरांत रुग्ण आला कधी हे असतं, चावला कधी हे नसतं. म्हणजे एक रकाना वाढवायचा, 'दंशाची वेळ'. दुसरा रकाना, 'पहिली गोळी किती वाजता, कुठे'. एवढंच.

पण हा रकाना रात्री दोन वाजता भरणार कोण? ड्युटीवरच्या सिस्टर. मूल रडतंय, आई घाबरलीय, डॉक्टर सलाईन लावतायत आणि सिस्टरनी विचारायचं, 'किती वाजता चावला हो?' तो प्रश्न आपला आहे असं सिस्टरना वाटलं तर त्या विचारतील. वरून आलेला आणखी एक रकाना वाटला तर सकाळी अंदाजाने भरला जाईल. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण तो खरा वाटतो. म्हणून प्रश्न ठरवताना सिस्टर, आशाताई, वॉर्डातले मामा आणि रुग्णवाहिकेचा चालक यांना बसवायचं. आमचा अनुभव असा की चालकाला बरेचदा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. गंभीर रुग्णाला आपण पुढे पाठवतो. पाली दोन रस्त्यांच्या फाट्यावर, इथून कोणी रत्नागिरीला जातं, कोणी आंबा घाटातून कोल्हापूरला. रजिस्टरात आपण 'रेफर' लिहितो आणि ओळ संपते. त्या माणसाचं पुढे काय झालं? वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर आपल्याकडे मृत्यू जवळजवळ नाहीतच असं दिसेल, कारण ज्यांना धोका होता ते सगळे आपल्या वहीतून बाहेर गेले. संशोधनातली ही सगळ्यात जुनी फसगत आहे. तिच्यावर उपाय मात्र साधा : दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने नातेवाइकांना फोन. आशाताई गावातच असतात, त्यांना तर फोनही लागत नाही. एवढी एक सवय लागली तर विंचू, साप, लेप्टो, बाळंतपण, कुठलाही प्रश्न घ्या, त्या दवाखान्याची नोंद एकदम वेगळ्या पातळीवर जाते.

गावपातळीवरचा माणूस पक्की माहिती देऊ शकतो का, अशी शंका शहरात नेहमी घेतली जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने या शंकेचं उत्तर कधीच दिलं आहे. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. ज्या दाईला शंभरपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? त्यांनी मण्यांची पाटी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. पुढे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत गावातल्याच शिकवलेल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. या बायकांच्या नोंदींवर जगाने विश्वास ठेवला, कारण त्या तपासल्या जात होत्या, आणि गावात कुठलं बाळ जन्मलं, कुठलं गेलं, हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक नव्हतं.

प्रशिक्षणाबद्दल आमचं मत जरा कडवट आहे. एका दिवसाची कार्यशाळा, जेवण, प्रमाणपत्र, फोटो. पुढच्या सोमवारी काही बदललेलं नसतं. याउलट, क्षयरोगावर काम करणारी 'द युनियन' ही संस्था आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २००९ पासून चालवलेला अभ्यासक्रम पाहा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली तो 'सॉर्ट-इट' या नावाने देशोदेशी पसरला. त्यात माणूस स्वतःच्या दवाखान्यातली नेहमीची आकडेवारी घेऊन येतो. काही महिन्यांच्या अंतराने तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला मुदत. मुदतीत आराखडा, मुदतीत आकडे, मुदतीत लेख. चुकला तर पुढच्या टप्प्यात प्रवेश नाही. सोबत एक मार्गदर्शक शेवटपर्यंत. कडक वाटतं खरं, पण हातात काहीतरी पुरं झालेलं राहतं.

वेळेचं काय, हा प्रश्न उरतोच. कंत्राटावरच्या सिस्टरना, अकरा महिन्यांनी नेमणूक पुढे चालेल की नाही याची खात्री नसताना, 'आवडीने करा' म्हणणं आम्हाला योग्य वाटत नाही. निदान आठवड्यातला एक तास ड्युटीचा म्हणून लिहून मिळावा. आणि लेख छापून येईल तेव्हा नोंद ठेवणाऱ्यांची नावं आभारात नव्हे, जिथे त्यांनी विचार आणि लेखनातही वाटा उचलला असेल तिथे लेखकांत यावीत. प्रश्न सुचवणं हाही विचारच आहे.

परवानगीविषयी एकदोन गोष्टी. स्वतःच्या कामाची तपासणी म्हणून रकाना वाढवणं वेगळं आणि त्यावर अभ्यास करून छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी आचारसमितीची मान्यता आधी घ्यावी लागते, मागाहून चालत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी वाचावीत. छोट्या दवाखान्याला स्वतःची समिती नसते, पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे विचारता येतं. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर महाविद्यालय आहे, आणि आता रत्नागिरीतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या जनऔषधशास्त्र विभागाला ग्रामीण प्रश्न हवेच असतात. मात्र जाताना नुसती आकड्यांची वही घेऊन जाऊ नका, प्रश्न एका वाक्यात लिहून न्या.

विंचू उन्हाळ्यात आणि मग भातकापणीच्या दिवसांत जास्त निघतो. रकाना आखायचा तर त्याआधी आखलेला बरा. रजिस्टर कोणाकडे असतं? सिस्टर, तुम्हीच सांगा, त्या पानावर जागा आहे का?