‘बिगविग’ आणि ‘बडे धेंड’ : प्रतिष्ठावाचक शब्दांतील दृष्टिकोन

इंग्रजीतील ‘बिगविग’ या शब्दासाठी मराठीत ‘मान्यवर’ हा पर्याय अनेकदा योजिला जातो. तो अर्थाला धरून असला, तरी प्रयोगाला धरून नाही. ‘बिगविग’चा वाच्यार्थ ‘मोठा टोप’. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सरदार, धर्माधिकारी व न्यायाधीश कृत्रिम केसांचे टोप वापरीत. मोठा टोप हे धनाचे व अधिकाराचे चिन्ह होते. १७९५ मध्ये केसांच्या भुकटीवर कर बसला आणि आधीच ओसरू लागलेली ही प्रथा मागे पडली. शब्द राहिला; त्यातील उपहासही राहिला.

हा उपहास मराठीत ‘बडी असामी’, ‘बडे प्रस्थ’, ‘बडे धेंड’ या प्रयोगांत आढळतो. ‘असामी’ हा मुळात ‘नावे’ या अर्थाचा अरबी शब्द. महसुली दप्तरात तो नोंदलेल्या व्यक्तीचा वाचक झाला. ‘बडी’ या विशेषणामुळे त्याला प्रतिष्ठेचा अर्थ आला. मात्र येथे व्याकरणाची साक्ष अधिक महत्त्वाची आहे. ‘असामी’ स्त्रीलिंगी, तर ‘प्रस्थ’ व ‘धेंड’ नपुंसकलिंगी. त्यामुळे पुरुषाविषयी बोलतानाही ‘बडी असामी आली’, ‘बडे धेंड आलं’ असेच म्हटले जाते. आदरार्थी बहुवचनाला तेथे वाव उरत नाही. ‘मान्यवर आले’ असे भाषांतर केले, की नाकारलेला आदर परत बहाल होतो.

पेण व रोहे हे तालुके ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात मोडत, तेथील खोतीच्या संदर्भात हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. याच जिल्ह्यात चरी येथे १९३३ मध्ये कुळांचा दीर्घ संप सुरू झाला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. या प्रदेशाविषयीच्या लेखनात निवेदक ‘खोत आले’ म्हणतो, ‘खोत आला’ म्हणतो, की ‘बडे धेंड आलं’ म्हणतो, यावरून तो ओटीवर बसला आहे की अंगणात उभा आहे, हे कळते.

सारांश, प्रतिष्ठावाचक शब्द व्यक्तीच्या उंचीबरोबर पाहणाऱ्याची जागाही सांगतो. भाषांतरात व अध्यापनात ती जागा हरवली, तर शब्दार्थ बरोबर राहूनही संहितेचा अर्थ चुकतो.