गाडीच्या स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतोय? स्पीकर बदलण्याआधी हे तपासा

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधली शिट्टीही चढते? मग दोष बहुधा स्पीकरचा नाही. इंजिनवर चालणाऱ्या अल्टरनेटरच्या विजेतला गोंगाट ऑडिओच्या वायरिंगमध्ये शिरतोय.

फोन ऑक्स केबलला आणि कार चार्जरलाही जोडलाय? चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर तो ‘ग्राउंड लूप’ आहे, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळाल्यात. गाणी ब्लूटूथवर लावा किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर सिस्टीम बंद करून त्याच्या आरसीए केबल काढा आणि इंजिन सुरू करून ऐका. आवाज गेला, तर तो स्टिरिओ किंवा केबलमधून येतोय. केबल पॉवर वायरपासून लांबून न्या. केबल काढूनही राहिला, तर ॲम्प्लिफायरची अर्थिंग तपासा. ती वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसलेली हवी.