गोधडीची कड वेगळ्या पट्टीची का असावी
गोधडी सर्वांत आधी विरते ती कडेला. अंगावर ओढताना, धुऊन पिळताना हात तिथेच पडतो आणि दुमडीच्या एकाच रेषेवर सगळी घासाघीस होते. म्हणून वरचं कापड मागे मुरडून शिवण्यापेक्षा वेगळी पट्टी लावावी, असं माझं ठाम मत आहे. अडीच इंची सुती पट्टी मधोमध लांबीत दुमडून लावली की कडेवर दुहेरी कापड येतं. ती विरली तर तेवढीच उसवून बदलायची, आतल्या धावदोऱ्याला धक्का नाही.

यात कापड आणि वेळ जास्त जातो, हे खरं. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीला २४ फूट कड, शिवाय जोड-कोपऱ्यांसाठी फूटभर. पण थंडीची पाच-सहा पदरी गोधडी मुरडायला गेलं की कड जाडजूड होते, सुई शिरत नाही; तिथे पट्टीच सोपी. पावसाळ्यातल्या दोन पदरी गोधडीला मुरड चालेल, तिला लवकर वाळायचं असतं. जरीचा काठ लावावा का? दिसतो देखणा, पण जर गालाला टोचते. जुन्या नऊवारीचा सुती काठ मात्र उत्तम. नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पट्टी आटते आणि कडेला चुण्या पडतात. कोपरे गोल हवे असतील तरच पट्टी तिरकी कापा. सरळ कडेला उभ्या धाग्यात कापलेली पट्टी ताणली जात नाही.